जोडवातीची मेणबत्ती

डाळभातावर पिळतात त्या गंधराज लिंबाच्या वासाची मेणबत्ती ओतली, तेव्हा आपल्याइतकं हुशार अख्ख्या दहावीत कोणी नाही याची आभाला खात्रीच पटली. शेजारच्या बंगाली सेनकाकीमा आज नमुना बघणार होत्या. पसंत पडला, तर त्यांच्या बालीगंजच्या साडीच्या दुकानासाठी वीस मेणबत्त्या, म्हणजे आभाची पहिलीवहिली ऑर्डर!

फक्त वातीवरून आईने घोळ घातला. "एकेरी वात लावतात का कुठे? समईत जोडवात असते, तर इथेही जोडवातच!"

काकीमा आल्या, आभाने काडी लावली आणि मेणबत्तीची चक्क मशाल झाली! पाच मिनिटांत मेण बशीभर पसरलं, लिंबाचा वास पार जिन्यापर्यंत पोचला.

काकीमांनी डोळे मिटले. "आहा! कसली भूक लागली गं!" मग एकदम डोळे उघडून म्हणाल्या, "दुकानात नको बाई, गिऱ्हाईकं जेवायला पळतील. माझ्या भावाच्या खाणावळीला दे वीस, दर टेबलाला एक. पण वात एकच हं!"

आभाने घाबरून आईकडे पाहिलं.

"चालेल," आई म्हणाली, "पण मग प्रत्येक टेबलावर जोडीने दोन लावायच्या. म्हणजे झाल्या चाळीस!"