बिअरच्या जत्रेतली चिली बिन

मित्रांनो, मी चिली बिन. नाव ऐकून माझ्यात मिरच्या भरायला धावू नका. ती चूक एकदा होऊन गेलेली आहे. इकडे न्यूझीलंडमध्ये बर्फ घालून खाणेपिणे गार ठेवायच्या पेटीला चिली बिन म्हणतात. माझे अंग निळे, झाकण पांढरे आणि वय बरेच आहे. एका बाजूची कडी तुटली, तिथे आता नायलॉनची दोरी आहे. बाकी मी ठणठणीत आहे.

माझे पहिले मालक समुद्राकाठी राहणारे एक आजोबा होते. त्यांच्याकडे मी मासे सांभाळले. आजोबा लेकीकडे राहायला गेले तेव्हा त्यांनी गॅरेजसमोर जुने सामान विकायला मांडले, आणि पामर्स्टन नॉर्थ शहरात राहणारा हरीश मला गाडीत घालून घरी घेऊन आला. हरीश मूळचा पुण्याचा, इथल्या एका संशोधन संस्थेत इंजिनिअर आहे. त्याने बायकोला आधी फोनवर कळवले, "चिली बिन घेतलीय, मस्त आहे." दमयंती इथल्या इस्पितळात फार्मासिस्ट. औषधांच्या नावात कधी चुकत नाही, पण इथे चुकली. मला घासूनपुसून तिने माझ्यात सुक्या मिरच्या भरून ठेवल्या. पहिल्या सहलीला हरीशने बर्फ ओतायला झाकण उघडले आणि बिचाऱ्याला शिंकांवर शिंका आल्या.

सहली झाल्या, कौतुक झाले. मग घरात विजेवर चालणारा एक चकचकीत छोटा फ्रिज आला आणि माझी रवानगी गॅरेजमध्ये झाली. कोळ्यांनी माझ्या कानाकोपऱ्यांत संसार मांडले. मला फार वाईट वाटले, ते लपवण्यात अर्थ नाही. तिथून मला बाहेर काढले ते दमयंतीनेच. स्वयंपाकघरात बसून भाजी निवडायला तिला काहीतरी ठेंगणे हवे होते. आता ती माझ्यावर बसायची, आणि उठली की माझ्या झाकणावर बोटे चालायची. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत ती वाजवत राहायची. झाकणाच्या मधोमध घुमणारा आवाज, कडेला कडक आवाज. ढोलकी तिला तिच्या बाबांनी शिकवली होती. कॉलेजात असताना ती स्टेजवर वाजवायची. इकडे येताना ढोलकी पुण्यातच राहिली आणि लोकांसमोर वाजवणेही तिथेच राहिले. पुन्हा एकदा चार माणसांसमोर वाजवायचे, एवढीच तिची इच्छा होती. ती तिने कोणालाच सांगितली नव्हती, पण तिच्या बोटांखाली मी होते, मला कळायचे.

आमच्या भागात दर उन्हाळ्यात एका लहान गावाच्या मैदानावर बिअरची आणि लोकसंगीताची जत्रा भरते. एका बाजूला आसपासचे छोटे बिअरवाले आपापली पिंपे घेऊन येतात, दुसऱ्या बाजूला तंबूत फिडल, बँजो आणि गाणी चालतात. हरीशला बिअर चाखायची होती, दमयंतीला गाणी ऐकायची होती. जायचे बेत दरवर्षी व्हायचे. मुग्धा आणि इंद्रनील हे मित्र घरी यायचे आणि मोठी चर्चा झडायची.

"शनिवारी जायचं की रविवारी?"

"आम्हाला काहीही चालेल. तुम्ही ठरवा."

"छे, तुम्ही म्हणाल तसं."

असे म्हणत म्हणत गाडी जेवणावर घसरायची. कोथिंबीर वड्या कोणी करायच्या, श्रीखंडात केशर की वेलची, ताक किती न्यायचे, हे बारकाईने ठरायचे. तिकिटे काढायची तेवढी राहून जायची. "मला वाटलं, तू काढलीस," असे हरीश म्हणायचा, इंद्रनीललाही तसेच वाटलेले असायचे, आणि त्या वड्या आम्ही घरामागच्या हिरवळीवर बसून संपवायचो. वड्या चांगल्या व्हायच्या, ते मान्य करते.

यंदा मुग्धाने कोणालाही न विचारता तिकिटे काढली. "काढली. रात्री राहायला तंबूची जागापण घेतली, म्हणजे बिअर पिऊन कोणी ड्राइव्ह करायचं ही भानगड नको. आता यायचंच," ती म्हणाली. मग फोनवर कार्यक्रम वाचता वाचता थांबली. "दमयंती, हे बघ ना. गाण्याच्या एका तंबूबाहेर फळा असतो म्हणे. आपलं नाव लिहायचं, नंबर आला की वाजवायचं. तू वाजव की!"

दमयंतीचा हात माझ्या झाकणावरच थांबला. "नाही गं. आता कुठला हात बसतोय?"

मित्रांनो, हे 'नाही' तुम्हाला कळले असेल. आपल्याकडे पहिले 'नको' मोजायचे नसते. पाहुणा ताटावर आडवा हात धरतो आणि तरीही पोळी वाढलीच जाते. दुसऱ्यांदा आग्रह झाला असता तर दमयंती "बघू" म्हणाली असती, आणि तिसऱ्यांदा झाला असता तर हो. पण तेवढ्यात इंद्रनीलने श्रीखंडाचा विषय काढला आणि आग्रह राहून गेला. हरीशने तर मान वर करूनही पाहिले नाही. मला त्याचा मनस्वी राग आला.

नव्या फ्रिजला मैदानात वीज कुठली मिळणार? म्हणून बर्फ, ताकाच्या बाटल्या, वड्या आणि श्रीखंड घेऊन मीच निघाले. मैदानावर माणसेच माणसे होती. पायांत जँडल्स म्हणजे रबरी चपला, हातांत ग्लास, जो तो हसत होता. हरीश आणि इंद्रनील पिंपांच्या दिशेने गेले आणि मनुका नावाच्या इथल्या झुडपाच्या फुलांचा मध घातलेल्या बिअरची चव घेऊन परीक्षकांसारख्या माना डोलावू लागले. दमयंती आणि मुग्धाने मला दोन्हीकडून धरून गाण्याच्या तंबूत नेले. दमयंतीची नऊ-दहा वर्षांची मुलगी ओवी पुढे धावत होती.

तंबूच्या दारात फळा होता. त्याच्याजवळ पांढऱ्या दाढीचे एक गृहस्थ खडू घेऊन उभे होते. "किया ओरा!" असा माओरी नमस्कार करत त्यांनी हसून दमयंतीला विचारले, ती काही वाजवते का, तिचे नाव लिहू का. इतकी वर्षे ज्याची वाट पाहिली तो प्रश्न समोर उभा होता. आणि ती काय म्हणाली?

"नो, नो! आय ॲम नॉट दॅट गुड."

"स्वीट ॲज, नो वरीज!" म्हणजे बरं, काही हरकत नाही, असे म्हणून त्यांनी खडू मागच्या माणसाला दिला.

त्या बिचाऱ्यांची काही चूक नव्हती. नाही म्हणणाऱ्याला गळ घालायची नाही, हा त्यांच्याकडचा चांगुलपणा आहे. पण दमयंतीचा चेहरा असा उतरला की मला बघवेना. ती माझ्यावर येऊन बसली. समोर एक बाई फिडल वाजवत होत्या. दमयंतीची बोटे गुडघ्यावर ताल धरत होती आणि फळा भरत चालला होता. शेवटी खाली एकच ओळ उरली.

"आई, यू सेड नो," ओवी म्हणाली. "ही थॉट यू मेन्ट नो."

"हो गं. इथे दुसऱ्यांदा कोणी विचारत नाही."

हे वाक्य ती मोठ्याने बोलली आणि ते तिचे तिलाच ऐकू आले. मग ताडकन उठली, फळ्यापाशी गेली, खडू मागून घेतला आणि शेवटच्या ओळीत आपले नाव स्वतःच्या हाताने लिहिले. दाढीवाल्या गृहस्थांनी विचारले, काय वाजवणार? तिने इकडेतिकडे पाहिले. ढोलकी तर पुण्यात. तिने माझ्याकडे बोट दाखवले.

"चिली बिन."

सगळा तंबू हसला, दमयंतीही हसली. मी मात्र घाबरले, कारण माझे पोट भरलेले होते. भरल्या पोटी माझा आवाज नुसता ठप्प येतो. मुग्धाने हरीशला फोन केला, "ताबडतोब ये, चिली बिन रिकामी करायचीय!" हरीश धावत आला आणि तंबूभर वड्या वाटू लागला. लोक "नो, थँक्स" म्हणाले की हा म्हणे, "अहो, एक घ्या! जस्ट वन!" लोक घेत होते आणि मग आपणहून दुसरी मागत होते. ज्यांच्या ग्लासात मघाशी बिअर होती, त्यांच्या ग्लासात आता ताक होते. परक्यांना एवढा आग्रह करणाऱ्या या माणसाने घरात बायकोला एकदा तरी केला होता का?

माझे पोट रिकामे झाले, पाणी ओतले गेले, आणि झाकण लावून मला स्टेजवर ठेवले. पहिल्या दोन थापा चाचरत पडल्या. तिसरी पडली ती बरोबर मधोमध, आणि मी अशी घुमले की मागे उभी असलेली माणसे पुढे सरकली. मग कडेवरची बोटे सुटली. मघाच्या फिडलवाल्या बाईंना राहवेना, त्यांनी खालूनच सूर लावला. लोक टाळ्यांनी ठेका धरू लागले. आयुष्यात मी मासे सांभाळले, मिरच्या सांभाळल्या, बर्फ सांभाळला. पण त्या दुपारी मला पहिल्यांदाच वाटले की माझ्या आत काही नसण्याचाही उपयोग आहे. दमयंती रडत होती आणि हसत होती. हरीश वडीचा रिकामा डबा हातात धरून नुसता उभा होता. ही बाई आपल्या घरात राहते, हे त्याला जणू आत्ताच समजले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या राहायच्या तंबूबाहेर चहा झाला. गवत ओले होते. हरीश माझ्याकडे पाहत म्हणाला, "दमयंती, थोडं वाजव ना."

"नको रे. हात दुखतायत."

एरवी तो "बरं" म्हणून फोनमध्ये डोके घालायचा. या वेळी त्याने कप खाली ठेवला.

"थोडंच. मला ऐकायचंय. काल एवढ्यानं मन भरलं नाही."

दमयंतीने त्याच्याकडे नीट पाहिले, आणि मला ओढून जवळ घेतले.

मित्रांनो, तुमच्या गॅरेजमध्ये माझ्यासारखी एखादी जुनी पेटी पडली असेल तर तिला धुवा, उन्हात वाळवा, वापरा. आणि तुमच्या घरातले माणूस "नको" म्हणाले, तर लगेच पाठ फिरवू नका. आणखी एकदा विचारा.