चाळिसाव्या दिवसाचा टॉवेल

ही गोष्ट २०२३ सालच्या ऑक्टोबरातली. आमच्या देशात युद्ध सुरू झाल्यापासून मी आणि माझी मुलगी झोरियाना पोलंडमध्ये, तार्नूवला राहत होतो. आश्रय तात्पुरता. सलग तीस दिवसांहून जास्त पोलंडबाहेर राहिलं की तो संपतो, हा नियम आम्हा सगळ्यांना पाठ होता. माझी हृदयाची औषधं आणि वृद्धांच्या वसतिगृहातली खोली त्याच आश्रयावर होती.

धाकटा भाऊ प्रोकिप मायदेशी, सांबीरजवळच्या आमच्या गावी झोपेतच गेला. मी दुसऱ्या दिवशी मातीला पोचले.

आमच्याकडे माणूस गेला की खिडकीत पाण्याचा पेला, पावाचा तुकडा आणि भरतकामाचा टॉवेल ठेवतात. आत्मा चाळीस दिवस घरातच असतो, पाणी पितो, तोंड पुसतो. चाळिसाव्या दिवशी रक्ताच्या माणसानं तो टॉवेल फाटकाबाहेर झटकायचा, की आत्मा मोकळा झाला. प्रोकिपला मूलबाळ नव्हतं. रक्ताची मी एकटीच.

भावजय यावदोखा रोज सकाळी पेला बघायची. "वन्सं, आज फारच कमी प्यायलाय. रुसलाय वाटतं."

"दारू ठेव, मग बघ," मी म्हणायचे आणि आम्ही दोघी रडता रडता हसायचो.

झोरियाना फोनवर दिवस मोजायची. "आई, एकोणतीस झाले की निघ. मामा काही रागावायचा नाही. तुझी खोली गेली तर तुला ठेवू कुठे, माझ्या अर्ध्या खाटेवर?"

खरं सांगायची मला लाज वाटली. डॉक्टरांनी बोलावलंय, असं मी यावदोखाला सांगितलं. "टॉवेल तूच झटक."

"मी परक्या घरची. जिवंतपणी त्यानं माझं कधी ऐकलं नाही, आता काय ऐकणार?"

निघायच्या दिवशी, तिसाव्या, ती गोठ्यात होती. मी टॉवेल काढला, फाटकाबाहेर नेला आणि झटकला. "जा रे बाबा," म्हणाले. वळले, तर ती दुधाची बादली घेऊन दारात उभी.

"वन्सं, बस चुकेल तुमची," एवढंच म्हणाली. वाटेसाठी पाव बांधून दिला.

सरहद्दीवरच्या माणसानं माझे दिवस मोजलेसुद्धा नाहीत.

ईस्टरला चार दिवसांसाठी गेले, तर टॉवेल परत खिडकीत होता. पेल्यात ताजं पाणी.

"तुम्ही घाई केलीत," यावदोखा म्हणाली. "तो गेला की नाही, मला कसं कळणार? म्हटलं, असू दे."

मी टॉवेल पुन्हा झटकला. ती फाटकापर्यंत आली नाही.

दोन वर्षांनी यावदोखा गेली. तिच्यामागे रक्ताचं कुणीच नव्हतं. तिच्यासाठी मी चाळीसही दिवस राहिले, आश्रय जातो तर जाऊ दे म्हणून. तो गेलाच. परतल्यावर एक सकाळ तार्नूवच्या कचेरीत रांगेत उभी राहिले. खिडकीतल्या मुलीनं दोन प्रश्न विचारले आणि आश्रय पुन्हा दिला. खोलीही तशीच होती. प्रोकिपला मी एका सकाळच्या रांगेसाठी दहा दिवस आधी घालवून दिलं होतं.

झोरियानानं इथल्याच एका बेकरीवाल्याशी लग्न केलं. मामाचा विषय ती काढत नाही. गावच्या घराला कुलूप आहे. गाय शेजाऱ्यांकडे. टॉवेल माझ्या कपाटात आहे, मी तो अजून धुतलेला नाही.