निळा ओरखडा

मी एक जुनी मोटारसायकल आहे. जूचंद्र गावात काशीरामच्या ओट्याला टेकून उभी असते. माझं हँडल वाकडं आहे, टाकीला मोठा खळगा आहे. मित्रांनो, जेव्हा माझ्या बोलण्याची गरज होती तेव्हा मला वाचा नव्हती. म्हणून आज तुमच्यापाशी मन मोकळं करते.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी काळीभोर, देखणी होते. काशीरामनं मला घरी आणलं. त्याची बायको कमळी हिनं चाकाखाली लिंबू ठेवलं आणि मला कुंकू लावलं. काशीराम सातिवलीला पत्र्याच्या कारखान्यात होता. दिवसभर मशीनपुढे उभं राहायचं काम. रोज मीच त्याला नेई, मीच आणी. त्याची लेक हेमांगी टाकीवर बसून हॉर्न वाजवी. मी सकाळी रुसले, किक मारून घाम फुटला, की कमळी दारातून हसे, "तुमची दुसरी बायको उठली नाय वाटते अजून!"

दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही कामणच्या रस्त्यानं येत होतो. समोरून एक निळा टेम्पो उलट्या बाजूनं आला. धडक बसली. काशीराम पडला, त्याचा उजवा पाय माझ्याखाली चिरडला. टेम्पो क्षणभर थबकला आणि निघून गेला. माझ्या टाकीवर त्याच्या रंगाचा लांब ओरखडा तेवढा उरला.

लोकांनी काशीरामला दवाखान्यात नेलं. कमळीचा भाऊ प्रितेश मला उचलून घरी घेऊन आला. पोलिसांना कळवायचं कुणाला सुचलंच नाही. सकाळी झेंडूच्या माळा घेऊन शेजारीण आली आणि मला बघून थबकली. कमळी म्हणाली, "सणाला दारान रगताची गाडी कशी ठेवू गं?"

तिनं मला चिंच लावली, काथ्यानं घासलं, देवाची भांडी घासावीत तसं. घासता घासता ती रडत गात होती,

"तांब्या तांब्या पानी, घोड्याच्या गं पायी,
घरा आन आई, धनी माझा."

रक्त गेलं. निळा रंगही गेला. मग तिनं मला झेंडूची माळ घातली.

काशीराम घरी आला, पण पाय वाकेना. डॉक्टर म्हणाले, आणखी एक ऑपरेशन केलं तर तो पुन्हा उभा राहील. त्या खर्चासाठी भरपाईचा दावा लावला. काशीरामला टेम्पोचा नंबर आठवत होता, त्यावरून तो सापडला, पण चालक म्हणाला, "मी धक्का दिलाच नाही, तो आपला आपण घसरला." धडक पाहणारं दुसरं कुणी नव्हतं, लोक मागाहून धावले होते. वकील जॉयस मॅडम घरी आल्या. माझ्याभोवती फिरून त्यांनी विचारलं, "टेम्पोचा रंग लागला होता म्हणता, मग तो गेला कुठे?"

कमळीनं हातातला चहाचा कप खाली ठेवला.

"मीच बोललो व्हतो हिला, गाडी धू म्हनून," काशीराम पटकन म्हणाला.

"काका, तुम्ही तेव्हा बेशुद्ध होता."

"बेसुद मानूस पन बायकोला काम सांगायचा सोरत नाय, मॅडम!"

हेमांगी हसली. मॅडमही हसल्या. कमळी पदर तोंडाला लावून आत गेली.

दावा फेटाळला गेला. टेम्पो लागल्याचा पुरावा नाही, असं ठरलं. टाकीचा खळगा काय, कशानंही पडतो. मॅडम वरच्या कोर्टात जायचं म्हणतात. ऑपरेशन मात्र राहिलंय. काशीराम कुबडी घेऊन ओट्यापर्यंत येतो आणि माझ्या सीटवर हात टेकून उभा राहतो. कमळी मला आता शिवत नाही. कोळ्यानं माझ्या चाकात जाळं विणलंय.

मित्रांनो, रस्त्यात असं कुणी पडलेलं दिसलं तर आधी माणसाला उचला, मग पोलिसांना बोलवा. गाडीचे फोटो काढा, तोवर तिला फडकंही लावू नका. घरच्या मोठ्यांनाही हे सांगा, कारण घाईच्या वेळी माया सगळं पुसून टाकते. आणि उद्या तुम्ही स्वतः गाडी चालवाल, तेव्हा तुमच्या हातून कुणाला धक्का लागला तर थांबा. तो टेम्पोवाला थांबला असता, तर आज कमळी दिवेलागणीच्या वेळी आपल्याच तळहातांकडे बघत बसली नसती.