बारकीच्या खोलीवरचं झाड

तिच्या माहेरचे तिच्या नवऱ्याला पाठीमागे ‘बघूराव’ म्हणत आणि त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं. नळ गळतोय? बघू. कडी तुटली? बघू. घरामागचं झाड कललं, बुंध्यात हात कोपरापर्यंत आत जाईल एवढी ढोली पडली, तेव्हाही साहेब बघतच होते. त्या झाडाची सगळ्यात जाड फांदी नेमकी लेकीच्या, बारकीच्या, खोलीवर आलेली. वारा सुटला की फांदी छपरावर घासायची आणि ही, बारकीची आई, अंथरुणात उठून बसायची. झाड पडलं तर आपली पोर त्याखाली सापडेल, एवढं एकच तिच्या डोक्यात घोळत राहायचं.

“तू ना, राईचा पर्वत करतेस,” नवरा म्हणायचा.

मागच्या वर्षी ती बारकीला घेऊन माहेरी गेली. परत येऊन बघते तर ढोली बुजलेली, वर साल धरल्यासारखी दिसतेय. नवऱ्याने माणूस बोलावून औषध लावून घेतलं होतं म्हणे. ऐकून तिला इतकं बरं वाटलं की तिने त्याच्या आवडीचा स्वयंपाक केला. पुढे तो स्वयंपाक आठवला की कितीतरी दिवस तिचं डोकं सणकायचं.

पण झाड काही सरळ झालं नाही. यंदाच्या वादळात ते आणखी कललं, एका बाजूची माती उचलली गेली. मग मात्र तिने नवऱ्याला न विचारता झाडं तोडणाऱ्यांना फोन केला. मुकादम आला, त्याच्याबरोबर दोर आणि करवत घेऊन वर चढणारा गडी आणि खाली दोर धरणारे मजूर आले. नवऱ्याने त्या दिवशी रजा टाकली, तेही तिने न सांगता. तिला नवल वाटलं, पण बरंही वाटलं.

ती आत बारकीच्या खिडकीला जाड फळी लावत असताना मुकादमाने लाकडी हातोडीने बुंधा ठोकून पाहिला. पोकळ झाडाचा आवाज वेगळा येतो, आणि माणूस त्याच झाडाला स्वतःला बांधून वर जाणार असतो. आवाज भरीव आला. गडी चढला, कमरेचा पट्टा त्याने खोडाला अडकवला. तो टोकाकडून एकेक फांदी दोराला बांधून कापायचा आणि खालचे ती हलकेच उतरवून घ्यायचे. काम बघण्यासारखं होतं. ती अंगणात येऊन उभी राहिली आणि कितीतरी दिवसांनी तिने मोकळा श्वास घेतला.

तेवढ्यात बुंध्यातून काड् असा आवाज झाला. सालीचं एक भलंमोठं ढलपं खाली पडून फुटलं. बाहेरून तपकिरी रंग, आतून राखाडी सिमेंट.

“करवत बंद! उतर! आधी उतर!” मुकादम ओरडला. दोर धरणारे मागे सरले. गडी पट्टा सोडून दोरावरून सरसरत खाली आला आणि मटकन मातीतच बसला. सिमेंटच्या मागून काळा, ओला भुसा गळत होता.

मुकादम सरळ नवऱ्याच्या अंगावर धावून गेला. “मी तुम्हाला तोंडावर विचारलं होतं साहेब! इथे काही भरलंय का म्हणून! जुनी फांदी तोडल्याची खूण आहे म्हणालात!”

“मला वाटलं... सिमेंटने उलट मजबुतीच येते ना?”

“तुमच्या मजबुतीपायी माझा माणूस मेला असता!”

ती नवऱ्याकडे बघत राहिली. “रंगसुद्धा दिलात?”

“अगं, तुला झोप लागत नव्हती. म्हटलं, तुझी काळजी तरी मिटेल.”

“माझी काळजी मिटली हो! झाडाचं काय केलंत? आणि तो माणूस वर चढला तेव्हा तरी तोंड का उघडलं नाही? जीभ झडली होती?”

“चारचौघांत तमाशा नको,” तो पुटपुटला.

“आता होऊ दे तमाशा!” असं म्हणून ती जे सुटली ते शेजारच्यांनी खिडक्या उघडेपर्यंत थांबली नाही. मुकादमाचा राग तेवढ्यात जरा निवला, तिचा नाही. या झाडाला आता माणूस बांधायचा नाही, क्रेन आणूनच कापायचं, उद्या येतो, असं सांगून तो माणसं घेऊन गेला.

“उद्यापर्यंत काय होतंय?” नवरा म्हणाला. “एवढे दिवस काही झालं का?”

ती आत गेली, बारकीची गादी गुंडाळून आपल्या खोलीत टाकली आणि नवऱ्याची उशी आणून बारकीच्या रिकाम्या पलंगावर आपटली.

“मग आज तुम्ही झोपा इथे.”

तो हसला. मग त्याने फळीच्या फटीतून वर पाहिलं. फांदी तिथेच होती. त्याने हळूच उशी उचलली.

“मी सोफ्यावर पडतो. उगाच विषाची परीक्षा कशाला?”

आपण काय बोललो ते त्याला बोलल्यावर कळलं. तो उशी पोटाशी धरून तसाच उभा राहिला.

दारात दप्तर आपटल्याचा आवाज आला. बारकी शाळेतून आली होती, ती थेट आपल्या खोलीत शिरली. “आई, माझी गादी कुठे गेली?”

“बाबांना विचार,” ती म्हणाली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली. “विचार त्यांना, वर्षभर तुला इथे का झोपवलं. आणि अहो, सगळं सांगायचं. मी ऐकतेय.”