मशीनच्या नरड्यातला गाळ

बावड्यातल्या त्या घरात सारजाबाईंनी पारखून घेतल्याशिवाय साधं पातेलंसुद्धा आत येत नव्हतं. कुकर घ्यायचा तर झाकण पाच वेळा लावून-काढून बघायच्या. मिक्सर दुकानातच चालू करायला लावायच्या आणि नाक जवळ नेऊन जळका वास येतोय का ते बघायच्या. शाळा दुसरीपर्यंत. पण इंदापूरचे दुकानदार त्यांना बघितलं की आधी चहा सांगायचे आणि मग भाव.

कपडे धुवायचं मशीनही तीन वर्षांपूर्वी त्यांनीच निवडलेलं. ते आता तीन दिवस बंद होतं. बटण दाबलं की घुर्र करायचं, पाण्याची वाट बघायचं आणि लाल दिवा मिचकावत बसायचं. बारामतीहून मोटारसायकलवर आलेल्या मेकॅनिकनं उभ्याउभ्याच बघून बोर्ड गेला म्हणून सांगितलं. जुनं देऊन नवं घ्या, आमच्याच दुकानात स्कीम आहे, हेही सांगायला विसरला नाही. मुलगा राजवर्धन लगेच तयार. चार वाजता टेम्पो नवं आणून जुनं घेऊन जाणार होता.

जेवताना सारजाबाईंनी विचारलं, त्यानं एक तरी स्क्रू ढिला केला का? राजवर्धन म्हणाला, यात कॉम्प्युटर असतो, तुला त्यातलं काय कळणार. शब्दाला शब्द लागला.

"चारपर्यंत चालू झालं न्हाय, तर ह्या घरातल्या खरेदीत मी परत तोंड घालणार न्हाय," सारजाबाई म्हणाल्या. "आन् झालं, तर मला इचारल्याशिवाय खिळासुद्धा आणायचा न्हाय."

"कबूल," राजवर्धन हसला. "सुटलो म्हणायचं."

ते हसणं त्यांच्या जिव्हारी लागलं. ताट सरकवून त्या उठल्या.

आधी त्यांनी भिंतीतली पिन उपसली. बोलायला त्या कुणाला भीत नसत, पण विजेला भीत. मग नळ बंद करून मशीनमागचा पाइप सोडवला, त्याचं तोंड बादलीत धरलं आणि सून रोहिणीला नळ सोडायला सांगितलं. पाणी धो धो आलं. म्हणजे दारापर्यंत येत होतं, आत जात नव्हतं.

"जेवत न्हाय त्याचं आधी तोंड बघावं का काळीज?" त्या पुटपुटल्या आणि नळ बंद करून मशीनच्या तोंडात बॅटरी मारली.

पाइप बसतो तिथं बोटाच्या पेराएवढी जाळी होती. पकडीनं हलकेच ओढली तशी बाहेर आली. गाळानं गच्च बुजलेली, वर क्षाराचा पांढरा थर. घरातलं पाणी येत होतं डाळिंबाला जाणाऱ्या त्याच शेततळ्यातून.

"ड्रिपचा फिल्टर तिसऱ्या दिवशी धुतोस," त्या मुलाला म्हणाल्या. "ही जाळी तीन वर्षांत एकदा तरी बघितलीस का?"

अशी जाळी असते हे कुणी सांगितलंच नाही, असं तो म्हणाला आणि ड्रिपच्या नळ्या धुवायचं ॲसिड आणायला निघाला. सारजाबाईंनी त्याला जागेवरच बसवलं. ॲसिडनं प्लास्टिकचं वाटोळं झालं असतं. रोहिणीनं कोमट पाण्यात लिंबूसत्व कालवलं, जाळी अर्धा तास भिजवली, जुन्या ब्रशनं घासली. निघालेला गाळ सारजाबाईंनी वाटीत राखून ठेवला.

साडेतीनला सगळं बसवलं. कपडे टाकले, पिन घातली, बटण दाबलं. घुर्र. आणि लाल दिवा.

राजवर्धननं घड्याळ बघितलं. चाळीस वर्षं ज्या घरात आपल्या शब्दाबाहेर कुणी गेलं नाही, तिथं उद्यापासून गप्प बसायचं. सारजाबाईंनी पाइप चाचपला. पाइप मऊ लागला, आत पाणीच नव्हतं. नळ बंद होता. त्यांनीच केलेला.

"तुमच्या ध्यानात येतंय का ते बघत हुते," म्हणत त्यांनी नळ सोडला.

सळसळत पाणी आत शिरलं. काचेमागं कपडे गरगरू लागले. रोहिणी तोंडाला पदर लावून हसली, आणि सारजाबाईंनीही या एका वेळेला तिला हसू दिलं.

टेम्पो आला. त्यामागं मोटारसायकलवर मेकॅनिकही आला. सारजाबाईंनी त्याला फिरतं मशीन दाखवलं आणि वाटी पुढं केली.

"घे बाबा. तुझा बोर्ड वाटीत काढून ठेवलाय."

मेकॅनिक मान खाली घालून वाटीतल्या गाळाकडं बघत राहिला. टेम्पोवाल्याला मात्र राहवलं नाही. मावशी, आमचा फ्रीज थंडच करत न्हाय, त्याचं काय करावं, असं त्यानं विचारलं. त्यांनी सुनावलं, भिंतीला चिकटवून ठेवला असशील. वीतभर पुढं ओढ, पिन काढून मागची जळमटं झाड, दाराचं रबर साबणाच्या पाण्यानं पूस. दारात कागद धरून दार लाव. कागद सहज सुटून आला तर रबर बदल. एवढं करून बी थंड झाला न्हाय तरच मेकॅनिक बोलव, आन् तो बसून बघणारा बोलव.

टेम्पोवाल्यानं मान डोलावली आणि मग नव्या मशीनचं काय करायचं म्हणून राजवर्धनकडं बघितलं. राजवर्धननं आईकडं बघितलं. सारजाबाईंनी नजर फिरत्या मशीनवरच ठेवली. त्याच्याच तोंडून त्यांना ऐकायचं होतं.

"परत न्या," राजवर्धन म्हणाला. "आईला पसंत न्हाय."