पिशवीवरची अक्षरं

मी दिशाताईंचा मोबाईल बोलतोय. खरं तर मी खेडच्या एका महिला समुपदेशन केंद्राचा. पण ताई तिथल्या समुपदेशक, आणि तीन वर्षं मी राहिलोय त्यांच्याच पर्समध्ये, म्हणून स्वतःला त्यांचाच म्हणवून घेतो.

खोकं उघडलं तेव्हा माझ्या कॅमेऱ्याचं फार कौतुक झालं. मी मिळालो तो देणगीत, आणि देणाऱ्यांची अट एकच: दर महिन्याला कामाचे फोटो संस्थेच्या पेजवर टाकायचे. "फोटो नाही, तर काम झालं कशावरून?" माणसं हल्ली माणसांपेक्षा आमच्यावर जास्त विश्वास ठेवतात.

दर गुरुवारी अकराला बकुळा यायची. नवरा सर्वेश मुंबईला कामाला. गावी आला की हात उगारायचा. ती घरी बाजाराचं निमित्त सांगून एसटीने यायची. पहिले दोन महिने नुसती रडली. मग एकदा हसली, आणि ताईंनी मला बाहेर काढलं.

"फोटो काढू ना गो?"

बकुळाने मांडीवरची पिशवी जवळ ओढली. जिने आपलं सगळं ऐकून घेतलं, तिला नाही कसं म्हणायचं?

"काढा. पण तोंड दिसू देव नका हां, ताई. वाडीच्या ग्रुपवर सगले मुंबईकर हायत."

ताईंनी शब्द पाळला. फोटोतल्या चेहऱ्यावर सूर्यफुलाचं मोठं स्टिकर चिकटवलं आणि मगच तो पेजवर टाकला. मांडीवरच्या पिशवीकडे मात्र त्यांचं लक्ष गेलं नाही. वाडीच्या मुंबई मंडळाने शिमग्याला घरटी एक वाटलेली ती पिशवी. वर गावाचं आणि वाडीचं नाव ठसठशीत छापलेलं. मी ते अक्षर न् अक्षर टिपलं होतं. मला दिसतं सगळं, सांगता काही येत नाही.

दुसऱ्या दिवशी फोटो मंडळाच्या ग्रुपवर पोचला. "आपल्या वाडीची ही कोण?" एवढंच कुणीतरी विचारलं होतं. साडी सर्वेशने ओळखली, त्यानेच आणलेली. शनिवारी तो गावात हजर.

रविवारी बकुळाच्या शेजारच्या हौसाकाकीचा फोन आला. "लय मारलान तिला, ताई. तुमच्याकडं येते म्हणून."

ताईंनी फोटो काढून टाकला. पण गेलेला फोटो परत बोलावता येत नाही, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? मला माझ्या त्या नावाजलेल्या कॅमेऱ्याची लाज वाटली.

सर्वेश मुंबईला परतल्यावर ताई तिच्या घरी गेल्या. मी हातातच होतो. बकुळा पडवीत बसली होती, मनगटाला प्लास्टर. तिने ताईंकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं आणि पदर तोंडावर ओढला.

आता बाई बोलायला बसली की ताई मला खणात ठेवतात. फोटो मिळणार नाहीत, असं त्यांनी देणगीदारांना कळवलंय. उत्तर अजून नाही.

तुमच्याही हातात माझ्यासारखा एक असेल. दुसऱ्याच्या दुःखासमोर त्याला उचलण्याआधी एवढंच बघा, की समोरच्याला 'नको' म्हणायची मोकळीक आहे का.

बकुळा त्यानंतर आलेली नाही. गुरुवारची अकराची वेळ ताईंनी अजून दुसऱ्या कुणाला दिलेली नाही.