पिकअपचे वेडे काटे

बाबांच्या जुन्या पिकअपचे दिवे लावले, की डिझेलचा काटा शून्यावर यायचा आणि इंजिन थंड असूनही तापमानाचा काटा लालमध्ये जायचा. मी गाड्यांचं वायरिंग करते, म्हणून डॅशबोर्ड उघडला. अर्थिंगची वायर सुटलेली होती आणि टोकाला छान चिकटपट्टी गुंडाळलेली.

“बाबा, हे उंदराचं काम नाही.”

बाबांनी घसा खाकरला. “जावईबापू दर रविवारी रात्री गाडी मागतात. काटे बघितले की आल्या पावली परत जातात.”

जावईबापू म्हणजे माझाच नवरा. मी वायर जोडली. काटे शहाण्यासारखे जागेवर आले, पण बाबांचा चेहरा उतरला. मला हसू आवरेना. मी वायर पुन्हा काढली आणि घरी जाऊन नवऱ्याला गंभीरपणे सांगितलं, “बिघाड फार जुना आहे.”